गोल्फ खेळताना बोलू नये

सोलापूरकराची सहल कुठल्याही दिशेनं निघो, ती देवाच्या दारातच पोचते. एका अंगाला अक्कलकोट, दुसऱ्या अंगाला तुळजापूर, तिकडं पंढरपूर. गाडी कुठंही वळवा, आई म्हणणारच, "एवढं आलोयच तर दर्शन घेऊन जाऊ की." म्हणून पुण्याहून आलेला मेव्हणा "दाजी, या शनिवार-रविवारी नुसता आराम करायचा" असं म्हणाला, तेव्हा मी मुद्दाम बार्शी रोड धरला. गड्ड्याची जत्रा आटोपली होती, हुरडा ऐन भरात होता आणि नान्नजच्या बाजूला एका रानात हुरडा पार्टी अन् मुक्कामाची सोय आहे असं कळलं होतं. "गोल्फची सुविधा उपलब्ध" ही पाटी मला तिथं पोचल्यावर दिसली. मेव्हण्याला ती आधीपासून माहीत होती. त्याच्या काठ्यांच्या पिशवीनं सगळी डिकी खाल्ली होती आणि कडक भाकरीचा डबा, शेंगाचटणीची बरणी अन् दह्याचं पातेलं बायकोच्या मांडीवर बसून आलं होतं.

"नियमानं चौदाच काठ्या नेता येतात," मेव्हण्यानं अण्णांना सांगितलं.

"एका बॉलला चौदा?" अण्णा म्हणाले. "आमच्या ह्यानं एकाच बॅटीवर गल्लीतल्या सगळ्या काचा फोडल्या."

आगटीतला गरम हुरडा तळहातावर चोळून पोटात गेला, वर ताक झालं. अशा वेळी सुज्ञ माणूस झाडाखाली सोलापुरी चादर पसरून आडवा होतो. मेव्हणा पांढरी टोपी घालून, एका हातात मोजा चढवून उभा राहिला.

गोल्फचं मैदान म्हटलं की टीव्हीवरची हिरवळ डोळ्यांसमोर येते. तेवढं पाणी आमच्याकडं असतं तर आम्ही ऊस लावला असता. इथं मुरमाड माळ होता, मधून मधून झेंडे रोवलेले आणि झेंड्याभोवती तेल घालून दाबलेली वाळू. मला वाटलं मालकानं काटकसर केली. पण मेव्हणा म्हणाला, कोरड्या मुलखात ही जुनीच पद्धत आहे, त्याला 'ग्रीन' न म्हणता 'ब्राउन' म्हणतात. त्या ब्राउनच्या मधोमध सव्वाचार इंचांचा खड्डा. जगात कुठंही जा, खड्डा तेवढाच. मैदानाच्या तिन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची ज्वारी उभी होती.

आता मुख्य अडचण. समोरचा फटका मारत असताना बोलायचं नाही, हलायचं नाही, सावलीसुद्धा त्याच्या वाटेत पडू द्यायची नाही, असा या खेळाचा रिवाज. मोठ्या स्पर्धांत म्हणे 'शांतता' लिहिलेल्या पाट्या उंच धरून माणसं उभी असतात. अण्णांची अख्खी नोकरी चादरीच्या कारखान्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात गेली. ते कानात बोलले तरी शेजारच्या वाड्यात उत्तर मिळतं. आईला अण्णांशी बोलावं लागतं, म्हणून ती त्यांच्यावर आवाज काढते. आम्ही पोरं या दोघांमध्ये वाढलो. तिथून जवळच माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य आहे, १९७९ सालचं. माळढोक बघायला लोक दुर्बिणी घेऊन येतात आणि बहुतेक काळवीट बघून परत जातात. पक्षी का कमी झाले याची शास्त्रीय कारणं असतील ती असतील, आमचाही त्यात थोडा हातभार असावा असं मला त्या दिवशी वाटलं.

मेव्हण्यानं पहिला फटका मारायला काठी वर नेली.

"जोरात मार की!" अण्णा.

चेंडू ज्वारीत गेला.

मग माझी पाळी. सात नंबरची काठी हातात आली. मान खाली, डावा हात सरळ, गुडघे जरा वाकवलेले, नजर चेंडूवर, मन शांत. यातलं मन शांत ठेवणं मला जमत होतं, तोवर बायकोनं विचारलं, "अहो, गॅस बंद केला होता ना?" मी काठी फिरवली. माती उडाली, चेंडू जागेवर. मारायच्या इराद्यानं काठी फिरवली की चेंडूला लागो न लागो, एक फटका धरला जातो, हे मेव्हण्यानं याच वेळी सांगितलं. चिरंजीवांनी खणखणीत आवाजात मोजदाद सुरू केली ती शेवटपर्यंत थांबवली नाही.

मेव्हण्यानं मला धीर दिला. म्हणाला, "दाजी, १९७१ साली अ‍ॅलन शेपर्ड चंद्रावर गोल्फ खेळला. त्याचाही पहिला फटका मातीतच गेला होता."

चंद्रावर हवा नाही, म्हणजे आवाज नाही, असा विचार मनात येऊन मला त्या माणसाचा फार हेवा वाटला. पण तिथंही सोबतचा गडी रेडिओवर म्हणालाच होता, की चेंडूपेक्षा मातीच जास्त उडाली. म्हणजे पृथ्वी सोडूनही सुटका नाही.

हरवलेला चेंडू शोधायला नियमानं तीन मिनिटं मिळतात. आईची तीन मिनिटं कमरेला पदर खोचण्यात गेली. मग ती ज्वारीत शिरली आणि बराच वेळ नुसता तिचा आवाज येत राहिला. "इथं हरभरा पण आहे गं!" हे तिनं दोन-तीनदा सांगितलं. मेव्हणा घड्याळ बघत होता. त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

पुढं माझा चेंडू शेळ्यांच्या लेंड्यांत जाऊन बसला. मी नैतिक विजय मानून खेळ थांबवणार होतो, पण लेंड्या बाजूला करायला नियमांची परवानगी आहे म्हणे. स्कॉटलंडातही मेंढ्या फिरत असणारच, नियम करणाऱ्यांनी सगळं भोगलेलं दिसतं. तेवढ्यात मालकाच्या कुत्र्यानं मेव्हण्याचा चेंडू उचलून नेला. अशा वेळी दंड न घेता चेंडू होता त्या जागी ठेवायचा असतो. होता ती जागा अण्णांच्या मते एक, चिरंजीवांच्या मते दुसरी आणि बायकोच्या मते भावाच्या सोयीची. हा वाद जमिनीच्या मोजणीसारखा चालला, फक्त तलाठी नव्हता.

आईनं एक छोटी काठी मागून घेतली. बार्शीच्या आत्याचा फोन आला होता. फोन खांद्यानं कानाला दाबून, "अगं मग सून काय म्हणाली?" असं विचारत तिनं चेंडूला टोचलं. चेंडू घरंगळत खड्ड्यात गेला. तिनं पाहिलंही नाही, कारण सून काय म्हणाली ते तेव्हाच कळत होतं.

शेवटच्या खड्ड्याला मेव्हण्यानं हात जोडले. "अण्णा, आई, ताई, दाजी... फक्त अर्धा मिनिट." आम्ही खरंच गप्प झालो. अण्णांनी तर तोंडावर उपरणं धरलं. मेव्हणा वाकला. सरळ झाला. परत वाकला. घाम पुसला. काठी चेंडूमागं ठेवली, उचलली.

"काहीतरी बोला की ओ," तो म्हणाला. "असं बघत बसलात तर हात थरथरतो."

अण्णांनी गिरणीतल्या संपाची गोष्ट सुरू केली आणि चेंडू आत गेला.

निघताना मालकानं हरवलेल्या चेंडूंचे पैसे वेगळे लावले. चेंडू परदेशी आहेत, महाग आहेत, असं तो सांगत होता. मेव्हणा पाकीट काढत होता. आईनं त्याला थांबवलं, पदराची गाठ सोडली आणि टेबलावर ओल्या हरभऱ्याचा ढीग ओतला. हरभऱ्यात पांढरे चेंडू होते, आमचे आणि आमच्या आधी कोण कोण येऊन गेले त्यांचे.

"आमचे मोजून घे," ती म्हणाली, "आणि वरच्यांचे काय देतोस बोल. परदेशी आहेत."