‘नव्वद लाख उगाच जाळतील का?’ हो, उगाचच

माझ्या मावशीची मुलगी इंग्लंडमध्ये शिकते. जूनमध्ये ती मैत्रिणींबरोबर स्टोनहेंजला, म्हणजे तिथल्या प्राचीन दगडी वर्तुळापाशी, सूर्योदय बघायला गेली आणि डोक्यावर फुलांचं कडं घातलेला फोटो घरच्यांना पाठवला. थोड्याच दिवसांत मावशीच्या व्हॉट्सॲपवर ‘परदेशातली आपली मुलं सैतानाच्या विळख्यात’ असा संदेश आला आणि तिची झोप उडाली. संदेशातले पाच मुद्दे असे: पेगन (जुन्या युरोपातले देव आणि निसर्ग पुजणारे आजचे लोक) म्हणजे सैतानाचे पुजारी, ते बळी देतात, त्यांचा धर्म पाच हजार वर्षं गुपचूप चालत आलाय, युरोपात नव्वद लाख चेटकिणी जाळल्या आणि ‘त्यांच्यात शक्ती असल्याशिवाय कोणी उगाच जाळेल का?’, शिवाय हे सगळं सरकारच्या नजरेआड चालतं.

चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करते. बाकीचे अज्ञानातून आलेत, हा घातक आहे.

नव्वद लाखांचा आकडा अठराव्या शतकातल्या फोइग्ट नावाच्या एका जर्मन माणसाचा. क्वेडलिनबुर्ग या गावाच्या जुन्या दप्तरात त्याला मोजके खटले सापडले. त्यावर त्रैराशिक मांडून त्याने साऱ्या युरोपचा आणि कित्येक शतकांचा हिशेब काढला. खटल्यांची कागदपत्रं तपासून आजचे इतिहासकार साधारण ४० ते ६० हजार बळी सांगतात, तेही सुमारे तीनशे वर्षांतले. इंग्लंडमध्ये तर जाळत नसत, फाशी देत. मेलेल्यांत बहुसंख्य बायका होत्या, आणि त्या कुठल्या गुप्त धर्माच्या नव्हेत, चर्चला जाणाऱ्या साध्या ख्रिस्ती बायका होत्या. इथे पेगन मंडळींनाही दोष द्यावा लागतो. ‘आमचे नव्वद लाख पूर्वज’ म्हणून त्यांच्यातल्या अनेकांनीही हा आकडा वर्षानुवर्षं मिरवला.

आता ‘उगाच’ कसं मारतात ते बघा. स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसची आना ग्योल्डी ही एका वजनदार घरातली मोलकरीण. त्या घरातल्या मुलीच्या दुधात सुया सापडल्या आणि आळ आनावर आला. छळ केल्यावर तिने सैतानाशी संगनमत कबूल केलं. १७८२ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. ती निर्दोष होती हे त्याच प्रांताच्या विधिमंडळाने जाहीर केलं २००८ साली. कुठे होती शक्ती? असती तर ती मोलकरीण कशाला राहिली असती?

आणि हे फार लांबचं आहे असं कोणी समजू नये. आपल्या सातपुड्यात, नंदुरबारच्या पाड्यांवर, आजही एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर चार दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. अमुक माणूस करणी करतो, मंत्राने गुरांचं दूध आटवतो, तो सैतान आहे, असं पसरवणं या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. ‘शक्ती असल्याशिवाय कोणी जाळेल का’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या गटांवर फिरवणाऱ्यांनी ते कुणाच्या दारापर्यंत पोचू शकतं याचा विचार केलाय का?

सैतानाचं म्हणाल, तर सैतान हे ख्रिस्ती धर्मातलं पात्र. जे पेगन तो धर्मच मानत नाहीत, ते त्यातल्या खलनायकाला कशाला पुजतील? संदेशातला ‘सैतानाचा फोटो’ मोठा करून बघा. मांडी घालून बसलेला शिंगवाला माणूस, एका हातात कडं, दुसऱ्यात साप, शेजारी हरीण. डोक्यावरची शिंगंही हरणाचीच, फाटे फुटलेली. हा डेन्मार्कच्या दलदलीत १८९१ मध्ये सापडलेल्या गुंडेस्ट्रुपच्या चांदीच्या भांड्याचा पत्रा आहे, कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेला. आपल्याकडच्या कितीतरी जणांना तो बघून मोहेंजोदडोची ‘पशुपती’ मुद्रा आठवेल.

पाच हजार वर्षांची परंपरा? ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनल्ड हटन यांनी १९९९ मध्ये ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ या पुस्तकात विक्काचा, म्हणजे पेगनांमधल्या चेटूक मानणाऱ्या पंथाचा, सगळा इतिहास कागदपत्रांनिशी तपासला. निष्कर्ष असा, की हा धर्म विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घडला. त्याला लोकांपुढे आणणारे जेराल्ड गार्डनर मलायात जकात खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचं पुस्तक १९५४ चं. स्टोनहेंजचे मोठे दगड उभे राहिले त्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी ड्रुइडांचा, म्हणजे जुन्या केल्टिक लोकांच्या पुरोहितांचा, पहिला उल्लेख सापडतो. नवा असला म्हणून तो धर्म खोटा ठरत नाही. ऋतू, सूर्य, माती यांच्याभोवती वर्षाचे आठ सण बांधून कोणी मनापासून जगत असेल तर जगू द्या.

बळीबद्दल एवढंच: जुन्या ड्रुइडांवर नरबळीचा आरोप रोमन लेखकांनी केलाय आणि तो सगळाच खोटा असेल असं नाही. पण आजच्यांचं काय? आइसलंडच्या आसात्रु या जुने नॉर्स (उत्तर युरोपातले) देव मानणाऱ्या पेगन संस्थेच्या मेळाव्यात शिंगातून पेय पितात, जुनी काव्यं म्हणतात, एकत्र जेवतात. प्राण्यांचे बळी संस्थेने साफ नाकारलेत.

आणि सरकारच्या नजरेआड? त्या संस्थेला आइसलंडने १९७३ मध्येच मान्यता दिली. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी धर्म ‘पेगन’ असा लिहिला. जूनमधल्या त्या सूर्योदयासाठी स्टोनहेंज सांभाळणारी संस्थाच दरवाजे उघडते, तेही फुकट.

एक गोष्ट मात्र मान्य करते. अमेरिका-युरोपातल्या काही वंशद्वेष्ट्या टोळ्यांनी थॉर या नॉर्स देवाचा हातोडा आणि जुन्या नॉर्स खुणा उचलल्यात, आणि त्या टोळ्या खरोखर धोकादायक आहेत. आइसलंडच्या संस्थेने अशांना उघड झिडकारलंय. परदेशातल्या मुलांना सावध करायचंच होतं तर हे सांगायचं होतं. पाच मुद्द्यांच्या त्या लांबलचक संदेशात याबद्दल एक ओळही नाही.