आठव्या महिन्याचं दुखणं

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो, कारण निवडीच्या मीटिंगला मी उशिरा पोचलो. ४८ फ्लॅट, दर महिन्याची मेंटेनन्सची बिलं आणि हिशेबाला एक फाटकी वही. फेब्रुवारीत उत्साहाच्या भरात मी बॅशमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला आज्ञा द्यायच्या एका भाषेत, एक स्क्रिप्ट लिहिली. लिहिली म्हणजे, नेटवरून चार ठिकाणच्या चिंध्या आणून गोधडी शिवली. चालू महिन्याचा आकडा घ्यायचा (मार्च म्हणजे ०३), त्यात एक मिळवून भरायची मुदत काढायची, की झाली बिलं तयार. मार्च ते जुलै अख्ख्या गंगापूर रोडवर माझ्याइतकी ताठ मान कोणाची नव्हती.

१ ऑगस्टला बिलं निघालीच नाहीत. तक्रार मात्र एकाचीही नाही, अपवाद फक्त नानांचा. नाना नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. बिल वेळेवर आलं नाही तर त्यांना ॲसिडिटी होते.

स्क्रीनवर एवढंच दिसत होतं: '०८: व्हॅल्यू टू ग्रेट फॉर बेस'. म्हणे आठ हा आकडा फार मोठा! आमच्या लिफ्टच्या दुरुस्तीचं बिल याला दाखवायला हवं होतं.

लॅपटॉप दोनदा बंद-चालू करून झाला. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं आणि बायको फोनवर भावजयीला विचारत होती, "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" नाशिककराला क्युसेक सांगून काही कळत नाही. पाणी गोदावरीतल्या या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला की गळ्याला, हे सांगितलं की पूर कळतो. म्हटलं, आपणही हेच करू. स्क्रिप्टमध्ये तीन ठिकाणी इको (तिथवर पोचलं की दिलेले शब्द छापणारी आज्ञा) घातले: 'गुडघ्यापर्यंत', 'कमरेपर्यंत', 'गळ्यापर्यंत'. पहिल्याच फ्लॅटचं अर्धवट बिल तयार झालं, त्यात गुडघा होता, कमर होती, गळा नव्हता. म्हणजे घोटाळा पोटात, जिथे महिन्यात एक मिळवतो तिथे!

शोध एवढा लागला, पण औषध माहीत नव्हतं. पुण्याच्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. कोड बघून तो बराच वेळ गप्पच होता. घरात कोणी गेल्यावर बसतात तसा.

"मामा, हा टेंप-टू कोण?"

"टेंप हे नाव आधी एका आकड्याला देऊन झालं होतं म्हणून."

"आणि हे ४५०?"

"ते... पार्किंग असावं. किंवा पाणीपट्टी."

मग प्रवचन. नावं अर्थाची ठेवावीत, आकडे असे उघडे टाकू नयेत, बदलांची नोंद गिटमध्ये ठेवावी. माझ्याकडे नोंद होतीच: 'बिल फायनल', 'बिल फायनल नवीन' आणि 'बिल हेच खरं'.

रोगाचं निदान मात्र त्याने चहा निवायच्या आत केलं. आकड्याआधी शून्य दिसलं की बॅश तो अष्टमान पद्धतीतला समजतो, आणि तिथे अंक ० ते ७ एवढेच. म्हणून ०७ पर्यंत सुखाने चाललं. ही खोड सी भाषेतही आहे. पायथनने २००८ साली तिसऱ्या आवृत्तीत असं शून्य लावून आकडा लिहायला सरळ मनाई केली.

"मग सप्टेंबर पण बुडाला?"

"हो. ऑक्टोबरला १०, पुढे शून्य नाही. आपोआप बरी होईल."

खरं सांगतो, मोह झाला. गणपतीत तसंही कोण बिल भरतंय? पण तेवढ्यात चेकबुक घेऊन नानाच दारात हजर. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "डावीकडच्या शून्याला किंमत नसते हो. जन्म नोटांत गेला माझा." बॅश लिहिणाऱ्यांनी नाशिकरोडला एक चक्कर मारायला हवी होती.

उपाय इवलासा निघाला: महिन्याच्या आधी १० आणि हॅशचं चिन्ह लावायचं, म्हणजे बॅश मुकाट्याने दशमानात मोजतो. भाच्याला यावर समाधान नव्हतं. सगळं पायथनमध्ये नव्याने लिही, प्रत्येक महिन्याचा आकडा देऊन आधी तपासून बघ, असं त्याचं टुमणं. मी म्हटलं, चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? तो म्हणाला, "जुलैपर्यंत पण चालतच होतं, मामा." याला उत्तर नव्हतं, म्हणून मी रेंज नसल्याचं सोंग केलं.

"निदान ते इको तरी काढ! नाहीतर वेगळ्या लॉग फाइलमध्ये टाक," तो ओरडत होता. "हो हो," म्हणून मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात भजी तळायला घेतली होती.

रात्री नऊला ४८ बिलं गेली. नऊ वाजून दहा मिनिटांनी नानांचा फोन.

"सेक्रेटरी, रक्कम बरोबर आहे. पण वर ओळीने गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत असं आलंय. ही थकबाकी आहे की धमकी?"