‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘हेच वापरा’

डिझाइन शिकणाऱ्या आमच्या गटाच्या सामायिक फोल्डरमध्ये या क्षणी ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरे’ आणि ‘हेच वापरा’ अशा चार फाइली आहेत, आणि सादरीकरणाला एकच रात्र उरलेली असताना त्यांतली चालू फाइल कोणती, हे पाच जणांपैकी एकालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. वापरकर्त्याला एखादे बटण शोधावे लागले तर नाक मुरडणारी हीच मंडळी. स्वतःच्या सहकाऱ्याचा पाऊण तास लोगो शोधण्यात गेला, याचे मात्र कोणालाही सोयरसुतक नाही.

तो लोगो तरी कसा मिळाला? व्हॉट्सअ‍ॅपवर, फोटो म्हणून! पाठवतानाच प्रतिमेचा दर्जा घटतो हे डिझाइन शिकणाऱ्याला सांगावे लागावे? ३०० डीपीआयच्या (दर इंचात ३०० ठिपके) पोस्टरवर त्याच्या कडा धुरकट दिसतात, आणि कितीही मोठी केली तरी न फाटणारी मूळ व्हेक्टर फाइल ज्याच्याकडे आहे तो महाशय फोन उचलत नाही.

इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधल्या फाइलीची कथा आणखी संतापजनक आहे. तिच्यात मोठ्या प्रतिमा साठवलेल्या नसून केवळ दुव्याने जोडलेल्या असतात, हे पहिल्याच सत्रात शिकवले होते. तरीही एकाने नुसती फाइल ड्राइव्हवर टाकली, त्यामुळे माझ्याकडे उघडल्यावर निम्मी चित्रे बेपत्ता आणि मराठी टंकाच्या (फॉन्टच्या) जागी भलताच टंक. प्रतिमा आणि टंक एकत्र गोळा करून देणारी ‘पॅकेज’ नावाची सोय इनडिझाइनच्याच ‘फाइल’ मेनूत आहे, पण तिथवर जाण्याचे कष्ट कोणी घ्यायचे? फिग्मा या स्क्रीन-डिझाइनच्या साधनात मुख्य कंपोनंट (बटणासारखा पुन्हा पुन्हा वापरायचा घटक) बदलला की सर्व प्रती आपोआप बदलतात, म्हणून मी दोन दिवस खपून अशा घटकांची लायब्ररी बांधली. एकाने प्रती ‘डिटॅच’ करून, म्हणजे मूळ घटकापासून तोडून टाकल्या आणि आता आमच्याकडे निळ्याच्या तीन छटा आहेत.

फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा, म्हणजे क्रम आपोआप लागतो, एवढीच माझी सूचना होती. (तारीख अशी लिहिण्याचे आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून अस्तित्वात आहे; मी काही नवा शोध लावलेला नाही.) त्यावर उत्तर मिळाले, “एवढे काय, सर्च कर ना!” काय शोधू? ‘अनटायटल्ड’?

रात्रीचे दोन वाजले आहेत. ‘हेच वापरा’ उघडली, तर तिचे पहिलेच पान गेल्या महिन्यातले आहे.