ऐयाराच्या हातात जादूची कांडी कोणी दिली?

आज नागपूरच्या बर्डीवरून भाचीसाठी ‘चंद्रकांता’ची मुलांची चित्रमय आवृत्ती आणली. घरी येऊन उघडली, तर सुरुवातीलाच तेजसिंह चमचमती कांडी फिरवतो आणि पहारेकरी बेशुद्ध! डोकंच फिरलं.

अरे, तेजसिंह ऐयार आहे, म्हणजे वेष पालटून फिरणारा राजाचा हेर, जादूगार नाही! ऐयाराजवळ बटवा असतो. त्यात बेहोशीची भुकटी, शुद्धीवर आणायला लखलखा, वेष पालटायचं सामान. शत्रूला बेशुद्ध करायचं, गठुडं बांधायचं, पाठीवर टाकून पसार व्हायचं. अंगमेहनतीचं काम आहे ते. कांडी काय फिरवता?

देवकीनंदन खत्रींची ही कादंबरी 1888 ची. ती वाचण्यासाठी लोक हिंदी शिकले म्हणतात. आम्हाला ती मेहनतही पडली नाही, कारण नागपूरच्या महाल भागातली आत्या होती. उन्हाळ्याच्या दुपारी कूलरसमोर आम्ही सगळे पोट्टे आडवे, आणि आत्या हिंदी पुस्तक धरून सरळ नागपुरीत सांगायची. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह खलनायकाला तिच्या तोंडी “काऊन बे क्रूरसिंग” म्हणायचा. भल्यामोठ्या बगळ्यानं राजकुमारी चंद्रकांतेच्या सखीला, चपलाला, गिळलं, तिथं तिनं पुस्तक मिटलं. “आत्या, मेली का ती?” “थांबा ना बाप्पा, उद्या सांगतो.”

त्या रात्री कोणाला झोप आली असेल तर शपथ.

आणि खरी गंमत पुढं. तो बगळा यंत्र निघतो! भूत नाही, शाप नाही, कोणीतरी डोकं लावून बसवलेले कळपुर्जे. तिलिस्म, म्हणजे कादंबरीतली ती मायावी वास्तू, ही कोणा कारागिराची करामत, हे कळल्यावर आम्ही आत्याच्या घरची दारं, कोनाडे, जातं, सगळं ठोकून पाहिलं. कांडीवाल्या पोरानं काय ठोकून पाहायचं?

1994 ला दूरदर्शनवर मालिका आली, तिनंही जादूचा मसाला भरपूर ओतला. पण क्रूरसिंहाच्या त्या भुवया आणि त्याच्या ‘यक्कू’ या पालुपदासाठी तिला सगळं माफ. हो, माझा न्याय असाच आहे.

मूळ पुस्तकातलं सगळंच आज गोड लागत नाही. क्रूरसिंहाचे मुस्लिम ऐयार नाझिम आणि अहमद ज्या रंगात रंगवलेत ते खटकतं. मान्य. भाचीला वाचून दाखवताना त्यावर बोलेन, पण म्हणून तेजसिंहाचा बटवा काढून घ्यायचा?

आमचाही बटवा होता, उशीच्या जुन्या अभ्र्याचा. लखलखा म्हणून कांदा. ऊन लागू नये म्हणून आई खिशात ठेवायचीच, तोच फोडायचा. चुलतभाऊ ओसरीवर बेशुद्ध पडायचा, मी नाकाशी कांदा धरायचो, तो आधी शिंकायचा आणि मग डोळे किलकिले करून “मैं कहाँ हूँ?” विचारायचा. आत्या आतून ओरडायची, “भाजीले कांदे ठेवा रे!”

लिहिता लिहिता राग जरा उतरला. खत्री प्रस्तावनेत म्हणतात, ऐयार आपल्या चलाखीनं रक्त न सांडता राजांच्या लढाया मिटवायचे. पकडलेल्या ऐयाराला जिवे मारायचं नाही, हाही दंडक. मुलांच्या पुस्तकात नेमकं हेच गाळलंय. परत चढला राग.

असो. आत्याची प्रत वाडा पाडताना गेली. कोणाकडे ‘चंद्रकांता’ची जुनी हिंदी प्रत असेल तर इनबॉक्स करा, मी येऊन घेऊन जाईन. पुठ्ठा नसला तरी चालेल. बगळ्याची पानं तेवढी शाबूत पाहिजेत.