साहेब आले नाहीत?

गाडी मला घ्यायची होती, पैसे माझे होते, चालवणार माझी मुलगी होती. आणि गेल्या रविवारी कोल्हापुरात, कावळा नाक्याच्या पुढं, जुन्या गाड्यांच्या एका अड्ड्यावर, सगळी बोलणी झाली ती शेजारच्या दुकानात पंक्चर काढायला आलेल्या एका दूधवाल्या मामांशी. डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

पार्श्वभूमी थोडक्यात. मुलगी अठराची झाली, पक्कं लायसन्स हातात आलं. बजेट सव्वा लाख, अगदीच गळ्याशी आलं तर दीड. पहिली गाडी ठोकली जाणार, खरवडली जाणार, रंकाळ्यावर पार्क करताना दुसऱ्याचा आरसा एकदा तरी सोबत घेऊन येणार, हे गृहीत धरून जुनीच घ्यायचं ठरलं. आमच्या घरात चारचाकी कळते ती मला. नवऱ्याला येतच नाही. तो डावीकडं बसतो, आंबा घाट लागला की झोपतो आणि साखरप्याला चहाच्या टपरीपाशी आपोआप जागा होतो. माणूस चांगला आहे, पण क्लच कुठल्या पायाखाली असतो हे त्याला आजही विचार करून सांगावं लागतं.

तर अड्डा. मालक तिशीचा, दोन मोबाइल, गळ्यात गोफ. आम्ही दोघी आत शिरल्याबरोबर म्हणाला, "या की मॅडम. साहेब गाडी लावायलेत व्हय?"

म्हटलं, साहेब नाहीत.

त्याचा चेहरा एकदम दुखवट्याला आल्यासारखा झाला. मग नजर माझ्या गळ्याकडं गेली, मंगळसूत्र दिसलं, आणि जीव भांड्यात पडला. "मग येतील की. बसा. चहा सांगू?"

चहा नको, गाडी दाखवा म्हटल्यावर एक पांढरी आल्टो दाखवली. २०१२ची, एमएच ०९. "सिंगल ओनर. डॉक्टरांची गाडी. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना." कोल्हापुरात विकायला निघालेली प्रत्येक गाडी डॉक्टरांची असते. उरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या. फौजदार, वाळूवाले, लग्नाच्या वरातीत बोनेटवर नाचणारे, हे लोक आपल्या गाड्या कुठं विकतात कुणास ठाऊक. मी सहकारी संस्थांचे हिशेब तपासते. समोरच्यानं गोड बोलून पुढं सरकवलेला कागद आधी वाचायचा, यावर माझं पोट चालतं. आरसी कार्ड मागितलं. त्यावर मालकाचा अनुक्रमांक छापलेला असतो. तिथं ३ होता. म्हणजे डॉक्टर तिघं होते.

मीटर म्हणत होता बेचाळीस हजार किलोमीटर. क्लचच्या पेडलवरचं रबर मात्र पार गुळगुळीत झालेलं, डाव्या कोपऱ्यात तर फाटून खालचं लोखंड चकाकत होतं. बेचाळीस हजारांत असं होत नाही. टायर "कालच टाकल्यात" असं ऐकलं, म्हणून टायरच्या कडेचे चार आकडे वाचले: ३४१७. याचा अर्थ २०१७ सालच्या चौतिसाव्या आठवड्यात कारखान्यातून निघालेला टायर. हे मी त्याला सांगितलं. त्यानं आदरानं ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाला, "मामा, तुम्ही सांगा. टायर नवं हाईत का न्हाईत?"

मी मागं वळून पाहिलं.

पांढरा पायजमा, टोपी, दातात काडी, पायात करकरणारं कोल्हापुरी पायताण. शेजारच्या पंक्चरवाल्याकडं त्यांची एम-एटी दुचाकी उताणी पडली होती, दुधाचे दोन रिकामे कॅन बाजूला उभे होते. हा माणूस सावली बघून आमच्या बाजूला सरकला होता, एवढाच त्याचा या व्यवहाराशी संबंध.

मामा म्हणाले, "मी पंचर काढाय आलोय."

"आसू दे की. बघा तर."

आणि मामांनी बघितलं. आधी टायरला पायताणानं एक लाथ घातली. टायरनं काही तक्रार केली नाही. "बराय की." एवढ्यावर टायरचा विषय संपला. चौतिसावा आठवडा वाऱ्यावर गेला.

मग बोनेट उघडलं गेलं. मामा कमरेत वाकून आत बघत राहिले. काही हात लावला नाही, काही विचारलं नाही, विहिरीत पडलेली बादली शोधावी तसे नुसते खोल बघत राहिले. मालकही शेजारी वाकला. दोघांत एक शब्द नाही. मी पलीकडच्या बाजूनं विचारलं, कूलंट असं गंजकं का दिसतंय? मालकानं उत्तर मामांना दिलं, "मामा, इंजनाला अजून पाना लागलेला न्हाई." मामांनी काडी डाव्या दाढेतून उजव्या दाढेत नेली.

मी गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर आधीच्या मालकाच्या सह्या आहेत का विचारलं. बँकेचा बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५ आहे का विचारलं. "मामा, पेपर सगळं क्लिअर." मामा म्हणाले, "हुतंय हुतंय." जणू ट्रान्सफर त्यांच्याच नावावर होती.

आता खरं तर मामांना यात रस यायला लागला होता. त्यांनी डिकी उघडायला सांगितली. आत डोकं घालून अंदाज घेतला आणि पहिल्यांदा स्वतःहून प्रश्न विचारला, "कॅन किती बसतील?"

"चाळीस लिटरचं दोन आरामात."

"झाकण बसंल?"

"सीट पाडली की चार बसतात. हे बघा." मालकानं खरंच मागची सीट पाडली. मामांनी जाऊन आपला एक कॅन आणला. आडवा घातला, उभा घातला. उभा घातल्यावर डिकीचं झाकण लागेना. दोघं जण गुडघे टेकून त्या कॅनची कड मोजायला लागले. माझी मुलगी हे सगळं मोबाइलवर टिपत होती. मी म्हटलं, "अहो, माझी मुलगी कॉलेजला जाणार आहे. दूध घालायला नाही."

मामांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. मनापासून बुचकळ्यात पडून विचारलं, "मग गाडी कशाला?"

याला काय उत्तर द्यायचं असतं ते मला अजून सुचलेलं नाही.

"पोरीच्या जातीला स्कुटी बरी," मामा पुढं म्हणाले. ओरडून नाही, अगदी मायेनं. "उद्या लगीन झालं की गाडी कुणाची?"

"माझी," मुलगी म्हणाली.

मामा हसले, मालक हसला. मीही हसले असते, पण हा प्रश्न मला आठवडाभरात ठिकठिकाणी, वेगवेगळ्या कपड्यांत भेटला होता. माझ्या सख्ख्या जावेनं विचारला, तोही साबुदाणा निवडता निवडता. आमच्याच गल्लीत पंधरा वर्षांची पोरं बापाची एसयूव्ही घेऊन रात्री आईस्क्रीम खायला जातात. त्यांचं कुणाला काही नाही. २०१९ला मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीन पोराच्या हातात गाडी सापडली, तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ते कलम मी एका बापाला वाचून दाखवलं, तर म्हणाला, "वहिनी, पोरगा हाय, शिकायलाय." आमच्या पोरीनं अठरा पूर्ण व्हायची वाट बघितली, शिकाऊ लायसन्स काढलं, लाल एल लावून ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत घाम गाळला, परीक्षा दिली. आणि तिला विचारतात, गाडी कशाला? असो. मामांचा यात दोष कमी आहे. त्यांना बोलतं कुणी केलं?

चक्कर मारायची ठरली. मालकानं किल्ली पुढं केली ती मामांपुढं.

"मला यमेटी सोडून काय येत न्हाई," मामा म्हणाले. याचा त्यांच्या अधिकारावर काही परिणाम झाला नाही. मालक स्वतः स्टिअरिंगवर बसला, मामा पुढं त्याच्या शेजारी, आणि ज्यांना गाडी घ्यायची त्या आम्ही दोघी मागं, मध्ये मामांचा कॅन. मुलीनं लायसन्स दाखवलं, मी चालवते म्हणाली. "ट्रॅफिक हाय ताई, नंतर." रविवारी दुपारी अडीच वाजता. जेवून झोपलेल्या कोल्हापुरात.

गाडीनं ताराराणींच्या पुतळ्याला वळसा घातला. कोल्हापूरकरांना सांगायला नको. उधळलेला घोडा आणि वर महाराणी. राजाराम महाराज १७०० साली गेले, आणि त्यानंतर सात वर्षं या बाईनं औरंगजेबाला झोप लागू दिली नाही. करवीरची गादी तिनं स्थापली. त्या घोड्याचा सौदा करताना कुणी विचारलं असेल का, की साहेब आले नाहीत? आम्ही चौकाचौकांत त्यांना हार घालतो, आणि खाली उतरून आपल्या पोरीला सांगतो, स्कुटी बरी. मी हे मोठ्यानं बोलले. मामा म्हणाले, "घोडं झ्याक हाय." मालक म्हणाला, "मामा, एसी बघा, चिल्ड."

मागच्या सीटवर बसून करायला काही नव्हतं. म्हणून मी सीटबेल्ट ओढला. लावायला नाही, पुढं ओढत, ओढत, पार शेवटपर्यंत. हे प्रत्येकानं करावं, कोल्हापुरात तर करावंच. लोक गाडी धुतात, पॉलिश मारतात, सीट कव्हर बदलतात, पण गुंडाळीत आत राहिलेला पट्टा धुवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. शेवटचा हातभर पट्टा बाहेर आला तो तपकिरी. एका रेषेपर्यंत करडा, रेषेखाली मातकट, आणि बोटानं चोळलं की पिठासारखा बारीक गाळ निघत होता. पायाखालची मॅटिंग उचलली, तर सीटच्या रुळांचे बोल्ट गंजून फुगलेले.

"ही महापुरातली गाडी आहे," मी म्हटलं.

"न्हाई ओ मॅडम! चहा सांडला असंल."

"सीटबेल्टच्या गुंडाळीत?"

"लहान पोरं असतात."

"डॉक्टरांची?"

मी गाळ दाखवला, बोल्ट दाखवले, गंजकं कूलंट पुन्हा आठवून दिलं. तो म्हणत राहिला, पावसात काच उघडी राहिली असंल, दमट हवा हाय, सगळ्या गाड्यांना असतंय. मग मामांनी मागं हात केला. मी पट्टा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाला लावला. डोळे मिटले.

"म्हापुराचं हाय हे," मामा म्हणाले. "माझ्या गोठ्यात दोन डाव शिरलंय पानी. एकोणीसला आन् एकवीसला. ह्यो वास मी झोपंत वळखीन."

मामा प्रयाग चिखलीचे निघाले. २०१९च्या ऑगस्टात पंचगंगा त्रेचाळीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पंचावन्नच्याही वर गेली, शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस पाण्याखाली होता, तेव्हा सगळ्यात आधी जी गावं बुडाली त्यातलं हे एक. म्हशी सोडवताना रात्री छातीएवढ्या पाण्यात कसे उभे होते, ते त्यांनी सांगितलं. ते सांगत असताना मला त्यांचा राग आला नाही.

राग आला तो पुढच्या वाक्याचा. मालक म्हणाला, "मामा म्हणत्यात म्हणजे असंल."

असंल! मी दहा मिनिटं पुरावा हातात धरून बसले होते. हिशेबात एवढा पुरावा असला तर संचालक मंडळ घरी जातं. मामांनी नुसता वास घेतला.

आणि लगेच भाव उतरला. एक पासष्ट सांगत होता. मी आल्याआल्या एक वीस म्हटलं होतं, तर "मॅडम, भाजी नव्हं ही" म्हणून हसला होता. आता म्हणाला, "मामा, तुमच्यासाठी दीड." मामा म्हणाले, "एक चाळीस कर की पोरा." "चला, एक चाळीस, तुमचं ऐकलं." मी म्हटलं, मला पुरात बुडालेली गाडी एक चाळीसलाही नको आणि चाळीसलाही नको. दोघांनी माझ्याकडं बघितलं. ठरत आलेल्या सोयरिकीत मीच खोडा घातल्यासारखं.

तेवढ्यात पंक्चरवाल्यानं हाक मारली. मामांनी कॅन उचलला, एम-एटीला किक मारली. तिसऱ्या किकेला धूर सोडत ती सुरू झाली. मालक त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेला, कार्ड दिलं, हातात हात घेतला. "मामा, आणखी दोन गाड्या यायल्यात बुधवारी. मॅडमना घेऊन या परत."

मीही नाव-नंबर लिहून आले होते, म्हणून संध्याकाळी फोन आला. "मॅडम, साहेबांना द्या की जरा."

वैतागून दिला. नवरा टीव्हीचा आवाज बारीक करून दिवाणावर आडवा झाला आणि ऐकत राहिला. "हं... हं... हो का... हं... ॲव्हरेज किती?... हं." शेवटी "बघतो" म्हणून फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"माणूस बरा वाटला. एक वीसला द्यायला तयार आहे. वर सीटबेल्ट चारी नवे बसवून देतो म्हणाला."

"एक वीस? तू त्याला काय सांगितलंस?"

"मी कुठं काय बोललो?" नवरा म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. "मी नुसतं हं हं म्हणत होतो."