खुलासा : कात्री लावल्याने माशांच्या टाकीतलं रोपांचं कार्पेट मरत नाही

सांगलीतल्या आम्हा घरी मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर मॉन्टे कार्लोबद्दल (टाकीच्या तळाशी गालिच्यासारखं पसरणारं छोटं पाणरोप) मेसेज फिरतोय : 'मॉन्टे कार्लोला सहा महिने कात्री लावू नका, मरतं.' हे चुकीचं आहे. हेच ऐकून मीही थांबलो होतो. वरून हिरवागार गालिचा, पण खाली उजेड पोचेना. देठ पिवळे पडून कुजले आणि एका सकाळी वीतभर तुकडा सुटून तरंगत होता. आता थर इंच-दीड इंच झाला की वरचा निम्मा कापतो. रोप आडवं पसरतं. कापलेली पानं मात्र लगेच जाळीने काढा, नाहीतर फिल्टर तुंबतो.

नवीन लावल्यावर गळतात ती बहुधा टाकीत येण्याआधी पाण्याबाहेर वाढलेली जुनी पानं, बरं का. मुळं शाबूत असतील तर नवी फुटतात. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याखाली हे टाका.