थप्प!

मे महिना, दुपारचे अडीच, पारा 45 च्या वर, आणि मी कूलर बंद करून भिंतीला दोन्ही तळहात टेकून उभा. आईनं दारातून पाहिलं. "काऊन रे बाबू, चक्कर आली का?"

चक्कर नव्हती. चिकटपट्टीच्या पाकिटावर लिहिलं होतं, तीस सेकंद घट्ट दाबून धरा. मी आकडे मोजत होतो.

झालं असं, की मी घरूनच ऑनलाइन शिकवण्या घेतो. दहा बाय दहाची खोली, चारही भिंती उघड्या. एक दिवस एका पोरानं विचारलं, "सर, तुम्ही विहिरीतून शिकवून राहिले का?" त्याच रात्री मी फोमच्या बारा लाद्या मागवल्या. फूटभर बाय फूटभर, दोन इंच जाड, वर कुरडईच्या साच्यातून काढल्यासारखे उंचवटे. घरमालकाला खिळा चालत नाही, म्हणून सोबत दुहेरी चिकटपट्टी.

बायको खूश. "म्हणजे आता समोरच्या लॉनवरचा डीजे ऐकू नाही येणार?"

येणार. फोम खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज पितो. बाहेरचा अडवायला वजनदार भिंत लागते. हे समजावताना मी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सॅबाइनसाहेबांची गोष्ट काढली. 1895 च्या सुमारास एका सभागृहात आवाज फार घुमायचा, तर त्यांनी जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या रातोरात वाहून आणल्या आणि किती गाद्यांनी किती घुमणं कमी होतं ते मोजलं.

"गाद्यांनीच झालं ना त्यांचं?" बायको म्हणाली. "मग आपल्या दिवाणावर चार पडल्याच आहेत."

शास्त्राचा इतिहास घरात सांगू नये.

पहिली लादी रात्री पडली. थप्प! उचलून पाहतो तर चिकटपट्टी शाबूत, आणि तिच्या पाठीवर घरमालकाचा फिकट हिरवा डिस्टेंपर जसाच्या तसा. भिंतीवर खाली आधीचा गुलाबी दिसू लागला. पट्टीनं आपलं काम चोख केलं होतं, रंगानंच भिंत सोडली. ओल्या फडक्यानं भिंत पुसली, तर फडकं हिरवं.

मग पाकिटावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली: 10 ते 40 अंश तापमानात वापरा. म्हणजे आमच्याकडे जुलैनंतर. खोली पश्चिमेची, चार वाजता भिंतीला हात लावला की तव्याची आठवण होते. कूलर लावावा तर दमट हवेनं भिंत पाणावते, शिवाय माइकमध्ये सगळी घरघर. बंद करावा तर गोंद मऊ होतो. शिकवायचं म्हणजे कूलर बंदच हवा.

दहावीचं त्रिकोणमिती चालू होतं. थप्प. "सर, काय पडलं?" काही नाही, लंब. दोन मिनिटांनी पुन्हा थप्प. "सर, कर्ण का?"

आठवडाभरात अकरा लाद्या खाली आल्या. बारावी मी स्वतःच काढली. आईनं ती प्लास्टिकच्या खुर्चीत ठेवली, पाठीला बरं वाटते म्हणून. मागची पट्टी उघडी होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

काल खुर्ची धुवायला काढली. गुळगुळीत, स्वच्छ प्लास्टिक. मी ओढलं, बायकोनं ओढलं, शेजारच्या भाऊंनी पाय लावून ओढलं. लादी तसूभर हलली नाही.